पालकांची सही : ओस्ट्रावाच्या विशेष शाळांचं प्रकरण

कागद साधाच होता. मजकूर आधीच छापलेला, मुलाचं नाव भरलेलं, आणि खाली पालकाच्या सहीसाठी जागा. मुलाला विशेष शाळेत घालायला आमची संमती आहे, एवढाच त्याचा अर्थ. चेक प्रजासत्ताकातल्या ओस्ट्रावा शहरात १९९६ ते १९९९ या काळात रोमा, म्हणजे आपण ज्यांना जिप्सी म्हणतो त्या समाजातली, अठरा मुलं अशा कागदांच्या आधारे विशेष शाळांत गेली. पुढे हे कागद स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयापुढे आले, तेव्हा त्यातल्या दोन कागदांवरच्या तारखा खटकल्या. मुलाला विशेष शाळेत पाठवण्याचा निर्णय आधी झालेला होता आणि पालकाची सही त्यानंतरची होती. दोन्ही ठिकाणी तारीख हाताने दुरुस्त केलेली. एका कागदाला शिक्षकांची चिठ्ठी जोडलेली होती : टंकलेखनात चूक झाली.

विशेष शाळा म्हणजे त्या काळी ज्यांना मतिमंद म्हणत, त्या मुलांची शाळा.

हे प्रकरण 'डी. एच. आणि इतर विरुद्ध चेक प्रजासत्ताक' या नावाने ओळखलं जातं. मुलांची नावं जाहीर होऊ नयेत म्हणून आद्याक्षरं. १३ नोव्हेंबर २००७ ला त्याचा अंतिम निकाल लागला आणि युरोपातल्या भेदभावविरोधी कायद्याची दिशाच बदलली. पण मला इथे कायद्यापेक्षा त्या सहीबद्दल बोलायचं आहे. रोमा मुलांना वेगळं बसवा, असा हुकूम या सगळ्या प्रकरणात कुणीही काढलेला नाही. कायद्यात रोमा हा शब्दही नव्हता. एक चाचणी होती, एक शिफारस होती आणि एक सही होती. तेवढ्यावर शहरातली निम्मी रोमा मुलं शाळेच्या मुख्य वाटेवरून बाजूला गेली.

कोळशाचं शहर

ओस्ट्रावा हे देशाच्या ईशान्य कोपऱ्यातलं, पोलंड आणि स्लोव्हाकियाच्या सीमांजवळचं कोळशाचं आणि पोलादाचं शहर. विट्कोवित्सेचे लोखंडाचे कारखाने इथलेच. इथल्या रोमांची बहुतेक घराणी मात्र मूळची इथली नाहीत, आणि ती इथे का आली हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

बोहेमिया आणि मोराविया या आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या प्रदेशांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारे रोमा दुसऱ्या महायुद्धात जवळपास संपवले गेले. लेटी आणि होडोनिन इथल्या छावण्यांत त्यांना कोंडलं, तिथून ऑशविट्झला नेलं. एकट्या लेटीत तेराशेहून अधिक माणसं डांबली होती. तीनशेहून अधिक तिथेच मेली, त्यांत लहान मुलं खूप. युद्ध संपल्यावर परत आलेल्यांची संख्या काही शेकड्यांत होती. नंतर लेटीच्या त्या जागेवर डुकरं पाळण्याचा मोठा प्रकल्प उभा राहिला आणि कित्येक दशकं चालला. मेलेल्यांचे वारसदार वर्षानुवर्षं विनवत राहिले. शेवटी सरकारने जागा विकत घेतली, गोठे पाडले, आणि २०२४ मध्ये तिथे स्मारक खुलं झालं.

युद्धानंतर खाणींना, भट्ट्यांना, बांधकामांना माणसं हवी होती. ती पूर्व स्लोव्हाकियातल्या गावकुसाबाहेरच्या रोमा वस्त्यांमधून आली. आजचे चेक रोमा बहुतांशी त्यांचीच नातवंडं-पतवंडं. म्हणजे ओस्ट्रावातला रोमा बाप हा तंबू आणि घोडागाडीवाला नव्हता, तो खाणीत किंवा रस्त्याच्या कामावर जाणारा मजूर होता. १९५८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाने भटकंतीवर कायद्याने बंदी घातली, पण तिथले बहुसंख्य रोमा त्याच्या कितीतरी आधीपासून एका जागी राहत होते.

हे मुद्दाम सांगतोय. मराठीत 'जिप्सी' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मनमौजी, बेफिकीर, गाणारा-नाचणारा, कुठेच न रुजणारा माणूस येतो. कवितेत आपण तो शब्द लाडाने वापरतो. मूळ शब्द मात्र गैरसमजातून आलेला आहे : हे लोक इजिप्तहून आले असं युरोपात वाटलं, त्यावरून जिप्सी. चेक भाषेतला 'त्सिकान' हा शब्द तर शिवीसारखाच वापरला जातो. ८ एप्रिल १९७१ रोजी लंडनजवळ भरलेल्या पहिल्या जागतिक परिषदेत या समाजाच्या प्रतिनिधींनी 'रोमा' हे स्वतःचं नाव पुढे केलं. निळ्या-हिरव्या झेंड्यावर मधोमध लाल चाक घेतलं, आणि आपलं मूळ भारतात आहे हे त्या चाकातून सांगितलं. लाडाचा जिप्सी आणि शिवीतला त्सिकान ही एकाच समजुतीची दोन रूपं आहेत. दोन्हींत हा माणूस मुळातच शाळेतला नाही असं गृहीत धरलेलं आहे. पाच-सहा वर्षांचं मूल शाळेच्या दारात येतं तेव्हा ही समजूत त्याच्या आधी आत जाऊन बसलेली असते.

१९८९ मध्ये कम्युनिस्ट राजवट गेली आणि त्यानंतर कारखाने आटले. १९९४ मध्ये ओस्ट्रावा शहरातली शेवटची कोळसा खाण बंद झाली. सगळ्यात आधी कामावरून गेले ते अकुशल मजूर, म्हणजे मोठ्या प्रमाणावर रोमा. १९९३ मध्ये देशाचे दोन तुकडे झाले आणि नव्या नागरिकत्व कायद्याने, जन्म इथेच झालेली कित्येक रोमा कुटुंबंसुद्धा कागदोपत्री स्लोव्हाक, म्हणजे परकी ठरली. कारखान्यांच्या बालवाड्या बंद पडल्या, उरलेल्या परवडेनाशा झाल्या. आपली अठरा मुलं १९८५ ते १९९१ या काळात जन्मलेली. त्यांचं सगळं लहानपण याच पडझडीत गेलं.

घरची भाषा

मिलेना ह्युब्श्मानोवा ही चेक विदुषी तरुणपणी प्रागला हिंदी, उर्दू आणि बंगाली शिकत होती. १९५० च्या दशकात विद्यार्थ्यांच्या श्रमशिबिरासाठी ती याच ओस्ट्रावाला गेली. तिथे रोमा मजुरांचं बोलणं तिच्या कानावर पडलं आणि तिला शब्द ओळखू येऊ लागले. वर्गात ती जी भाषा परदेशी म्हणून शिकत होती तिची बहीण तिच्याच देशातले खाणकामगार बोलत होते. पुढे तिने आयुष्य त्या भाषेला दिलं आणि १९९१ मध्ये चार्ल्स विद्यापीठात रोमानी भाषेचा अभ्यासक्रम सुरू केला.

मराठी माणसाला तर हे शब्द थेट ऐकू येतात. रोमानीत गावाला 'गाव' म्हणतात. नावाला 'नाव'. दिवसाला 'दिवेस', पाण्याला 'पानी', कानाला 'कान'. रोटीला 'मान्रो', कुठे कुठे 'मारो'. आपल्या खापरावरच्या मांड्याचं जे मूळ तेच याचं. आकडे म्हणा : येख, दुय, त्रिन, श्तार, पांज, शोव. मग एकदम एफ्ता, ओख्तो, एन्या हे तीन आकडे ग्रीक, कारण वाटेत ग्रीकभाषक मुलखात कित्येक पिढ्या मुक्काम झाला. आणि पुन्हा देश, म्हणजे दहा. हजारेक वर्षांचा प्रवास दहापर्यंत मोजताना ऐकू येतो. शिकवणे या क्रियापदाला रोमानीत 'सिखावेल' म्हणतात. हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मी बराच वेळ त्याच्यापाशी थांबलो होतो.

एवढ्यावरून रोमा म्हणजे आपले अमुक जमातीचे भाऊबंद, असा थेट धागा जोडण्याची घाई आपल्याकडे होते, ती मला पटत नाही. भाषेचं नातं पक्कं आहे; पण कित्येक शतकं युरोपात जगलेल्या लोकांना आपल्या यादीत ओढणं म्हणजे त्यांच्या युरोपीय असण्यावर आणखी एक शंका घेणं. ओस्ट्रावातलं मूल चेक मूल आहे. त्याची तक्रारही तीच होती : आम्हाला इथल्याच शाळेत शिकू द्या.

ही भाषा इथे महत्त्वाची ठरते ती चाचणीमुळे. रोमा घरांतली बरीच मुलं चेक बोलत, पण ती चेक रोमानीच्या वळणाची असे. वाक्यरचना वेगळी, शब्दसंग्रह वेगळा, हेल वेगळा. शाळेच्या कानाला ती भाषा 'बिघडलेली चेक' वाटे. दोन भाषांच्या उंबरठ्यावरचं मूल आणि कमी समजणारं मूल, यांत फरक करायला जो कान लागतो तो तयार झालेला नव्हता.

चाचणी आणि शिफारस

व्यवस्था अशी होती. मूल शाळेत येताना, किंवा सर्वसाधारण शाळेत काही काळ घालवल्यावर, त्याला शिक्षण-मानसशास्त्र केंद्राकडे पाठवलं जाई. तिथे बुद्धिमत्तेची चाचणी होई, बहुधा वेक्सलर किंवा स्टॅनफर्ड-बिने पद्धतीची. केंद्र शिफारस करी, विशेष शाळेचे मुख्याध्यापक निर्णय देत, आणि त्यासाठी पालकांची संमती कायद्याने आवश्यक होती. निर्णयाविरुद्ध अपील करण्याची सोय होती, त्याची सूचना लेखी दिली जाई. अठरांपैकी कुणाच्याही पालकांनी अपील केलं नाही.

कागदावर यात बोट ठेवायला जागा नाही. तज्ज्ञ आहेत, शास्त्रीय साधन आहे, संमती आहे, दाद मागण्याचा मार्ग आहे.

आता त्या खोलीत बसलेलं सहा वर्षांचं मूल बघा. बालवाडीत न गेलेलं. समोर अनोळखी बाई, चेक भाषेत भराभर प्रश्न. अमुक शब्दाचा अर्थ काय, या दोन वस्तूंमध्ये सारखं काय, चित्रात काय राहिलं. असल्या प्रश्नांत मुलाची समज जेवढी मोजली जाते, तेवढंच हेही मोजलं जातं की त्याच्या घरात मोठी माणसं मुलांना असे प्रश्न विचारतात की नाही. ज्या घरात पुस्तकं असतात, आई संध्याकाळी चित्रं दाखवते, उत्तर माहीत असतानाही मुलाला प्रश्न विचारते, त्या घरचं मूल हा खेळ घरूनच शिकून येतं. ज्या घरात मूल धाकट्या भावंडाला सांभाळतं, दुकानातून सामान आणतं, पैशांचा हिशेब तोंडी करतं, त्याला हा खेळ कुणी शिकवलेला नसतो.

आणि हे सरकारला माहीत होतं. एप्रिल १९९९ मध्ये राष्ट्रीय अल्पसंख्याकांविषयी युरोप परिषदेला दिलेल्या अहवालात चेक सरकारने स्वतः लिहिलं की सरासरी किंवा सरासरीपेक्षा चांगली बुद्धी असलेली रोमा मुलंही पुष्कळदा मानसशास्त्रीय चाचण्यांच्या आधारे या शाळांत घातली जातात. चाचण्या बहुसंख्य समाजासाठी बनवलेल्या आहेत आणि त्या रोमांचं वेगळेपण लक्षात घेत नाहीत. काही विशेष शाळांत ८० ते ९० टक्के मुलं रोमा आहेत. त्याच अहवालात कंसात हेही होतं : हे नेहमी पालकांच्या संमतीनेच होतं.

तो कंस मला फार काही सांगून जातो. चूक झाली हे मान्य आहे, पण सही आहे ना.

विशेष शाळेत गेलेल्या मुलाचं पुढे काय होई? अभ्यासक्रम हलका, गती मंद. सर्वसाधारण शाळेतलं मूल जे एका वर्षात शिकतं त्याला तिथे जास्त काळ. नऊ वर्षं संपली की पुढे हाताच्या कामाच्या प्रशिक्षणाखेरीज फारशी दारं नाहीत. २००० च्या सुरुवातीला कायदा बदलून माध्यमिक शाळेत अर्ज करायची मुभा मिळाली. पण जे शिकवलंच नाही त्या विषयांची प्रवेश परीक्षा द्यायची म्हणजे ती मुभा कागदावरच. ओस्ट्रावात तर खाणी बंद होऊन अकुशल कामच संपत चाललेलं.

सही का केली?

हा प्रश्न चेक वर्तमानपत्रांपासून न्यायाधीशांपर्यंत सगळ्यांनी विचारला. पोटच्या पोराला मतिमंदांच्या शाळेत घालायला आईबाप सही कशी देतात?

देतात, आणि त्याची कारणं त्यांच्या जागी उभं राहिलं की दिसतात. थोरली भावंडं, चुलतभाऊ त्याच शाळेत. आई स्वतः तिथेच शिकलेली, तिच्या लेखी शाळा म्हणजे हीच शाळा. सर्वसाधारण शाळेत पोराला 'त्सिकान' म्हणून चिडवतात, मारतात, मागच्या बाकावर एकटं बसवतात. इथे निदान आपली पोरं सोबत आहेत. दोन शाळांच्या अभ्यासक्रमात किती फरक आहे आणि नऊ वर्षांनी त्याचा काय परिणाम होईल, हे कुणी बसून समजावलेलं नाही. समोर शिक्षक, मानसशास्त्रज्ञ, शिक्क्याचा कागद. ते म्हणतात, मुलाच्या भल्याचं आहे. ज्या माणसाने आयुष्यभर कचेऱ्यांमध्ये मान खाली घालूनच काम करून घेतलं आहे, तो तिथे 'नाही' म्हणेल ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

आणि दुसरा पर्याय काय होता? ज्या शाळेला हे मूल नको होतं ती शाळा. सही नाकारून मुलाला तिथेच ठेवायचं, तर ते रोज काय सोसणार हे आईला ठाऊक होतं. तिने निवड केली, हे खरं. दोन वाईटांतून केली.

आकड्यांनी उघडलेलं दार

एकेका मुलाचं प्रकरण वेगळं काढलं की प्रत्येक वेळी फाईल पूर्ण दिसे : चाचणी आहे, गुण कमी आहेत, सही आहे. अठरा फायली, अठरा वेळा नियमानुसार. भेदभाव एका फाईलमध्ये दिसतच नव्हता. सगळ्या फायली एकत्र ठेवल्यावर दिसला.

बुडापेस्टच्या युरोपीय रोमा हक्क केंद्राने हे काम अंगावर घेतलं. १९९९ मध्ये ओस्ट्रावातल्या ८ विशेष शाळा आणि ६९ प्राथमिक शाळांच्या मुख्याध्यापकांना प्रश्नावल्या पाठवल्या गेल्या. साधा हिशेब : तुमच्याकडे मुलं किती, त्यांत रोमा किती. उत्तरं जुळवल्यावर चित्र असं आलं. विशेष शाळांत एकूण १,३६० मुलं, त्यांतली ७६२ रोमा, म्हणजे ५६ टक्के. प्राथमिक शाळांतल्या ३३,३७२ मुलांत मात्र रोमा फक्त २.२६ टक्के. उलट बाजूने पाहिलं तर रोमा नसलेल्या मुलांपैकी विशेष शाळेत १.८ टक्के आणि रोमा मुलांपैकी ५०.३ टक्के. ओस्ट्रावात रोमा मूल मतिमंदांच्या शाळेत जाण्याची शक्यता इतर मुलाच्या २७ पटींहून अधिक.

कुठल्याही समाजातली निम्मी मुलं बौद्धिकदृष्ट्या अक्षम असू शकत नाहीत. हा आकडा मुलांबद्दल काहीच सांगत नाही. तो मापाबद्दल सांगतो.

सरकारने आक्षेप घेतला की ही मुख्याध्यापकांची वैयक्तिक मतं आहेत, मुलांच्या वंशाची अधिकृत नोंद देशात ठेवलीच जात नाही. हा पेच युरोपात जागोजागी आहे. नाझींनी रोमांच्या याद्या कशासाठी केल्या हे लक्षात घेता वंशाची नोंद नको, या म्हणण्याला वजन आहे. पण नोंद नाही म्हणून मोजदाद नाही, आणि मोजदाद नाही म्हणून भेदभाव सिद्ध होत नाही, हेही तितकंच खरं. मुख्याध्यापकांना हाताने पत्रं पाठवून केलेली ही मोजणी नसती तर प्रकरण उभंच राहिलं नसतं.

तीन पायऱ्या, आठ वर्षं

ऑक्टोबर १९९९ मध्ये चेक घटनात्मक न्यायालयाने बारा मुलांची तक्रार फेटाळली. सर्वसाधारण सामाजिक परिस्थिती तपासणं आमचं काम नाही, प्रत्येक प्रकरणात काय झालं तेवढं पाहू, असा त्याचा सूर. एप्रिल २००० मध्ये अठरा मुलांनी स्ट्रासबर्ग गाठलं. ७ फेब्रुवारी २००६ ला तिथल्या सात न्यायाधीशांच्या पीठानेही सहा विरुद्ध एक मतांनी त्यांच्या विरोधात निकाल दिला. पालकांनी संमती दिली होती, अपील केलं नव्हतं, हेतू सिद्ध होत नाही.

मग प्रकरण सतरा न्यायाधीशांच्या महापीठापुढे गेलं आणि तिथे तेरा विरुद्ध चार मतांनी उलटलं.

महापीठाने तीन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे हेतूचा प्रश्न बाजूला ठेवला : नियम दिसायला सगळ्यांना सारखा असला तरी त्याचा मार एकाच समाजावर बेसुमार पडत असेल तर तो अप्रत्यक्ष भेदभाव आहे, आणि आकडेवारीने तसं प्रथमदर्शनी दिसलं की समर्थन देण्याची जबाबदारी सरकारवर जाते. दुसरी, चाचण्या पक्षपाती असण्याचा धोका आहे आणि त्यांचे निष्कर्ष रोमा मुलांचं वेगळेपण लक्षात घेऊन तपासले गेले नाहीत, त्यामुळे चाचणी हे समर्थन ठरू शकत नाही. तिसरी सहीबद्दलची, आणि माझ्या मते संपूर्ण निकालाचा गाभा तीच. न्यायालय म्हणालं की हे पालक वंचित समाजातले, बरेचसे कमी शिकलेले. परिस्थितीचे सगळे पैलू आणि संमतीचे परिणाम त्यांना तोलता आले असतील याची खात्री वाटत नाही. आणि पुढे म्हणालं : ते आले असते तरी, वंशभेद सोसायला तयार आहोत अशी संमती कुणालाही देता येत नाही. हा हक्क सोडून देण्याजोगा नाही.

विरोधात गेलेल्या चार न्यायाधीशांपैकी स्पॅनिश न्यायाधीश बोर्रेगो बोर्रेगो यांचा आक्षेप मला सहज झटकता येत नाही. त्यांचं म्हणणं असं की रोमा पालकांना स्वतःच्या मुलांसाठी निर्णय घेता येत नाही असं म्हणणं हाच त्यांचा अपमान आहे. हा धोका खरा आहे. गरिबाच्या 'हो'ला किंमत नाही असं ठरवलं की उद्या त्याच्या 'नाही'लाही राहणार नाही. पण महापीठाचं शेवटचं वाक्य पालकांच्या कुवतीवर उभं नाही. उच्चशिक्षित रोमा बापानेही तशी सही केली असती तरी सरकारला तिच्यामागे लपता आलं नसतं. पालकाची सही पालकाला बांधू शकते. मुलांची वर्णवार वाटणी करण्याचा परवाना ती राज्याला देऊ शकत नाही.

खटल्यातली आणखी एक गोष्ट निकालाच्या गर्दीत हरवते. अठरांपैकी चार मुलं मध्यंतरी पुन्हा चाचणीला बसली, पास झाली आणि १९९९-२००० या शैक्षणिक वर्षापासून सर्वसाधारण शाळेत जाऊ लागली. सरकारच्या बाजूने याचा अर्थ असा लावता येतो की वाट बंद नव्हती. मला त्यात एवढंच दिसतं की चार मुलांच्या कपाळावर आधी जो शिक्का बसला होता, तो त्याच व्यवस्थेच्या मापाने चुकीचा ठरला. उरलेल्या चौदांना, आणि विशेष शाळांत असलेल्या बाकीच्या रोमा मुलांना, दुसऱ्यांदा कुणी किती काळजीने मोजलं?

निकालाने प्रत्येक मुलाला ४,००० युरो भरपाई दिली. त्या दिवशी त्यांतलं सगळ्यात लहान मूल सोळाच्या आसपास होतं, मोठी विशी ओलांडलेली.

निकालानंतर

विशेष शाळा हा प्रकार निकालाच्या आधीच, २००५ च्या जानेवारीपासून लागू झालेल्या शालेय कायद्याने रद्द केला होता. त्याच इमारतींवर 'प्रात्यक्षिक शाळा' अशी पाटी लागली. शिक्षक तेच, हलका अभ्यासक्रम तोच, पोरं त्याच वस्त्यांतली. २०१२ मध्ये चेक लोकपालांनी पाहणी केली तेव्हा या शाळांतली सुमारे एक तृतीयांश मुलं रोमा निघाली. देशाच्या लोकसंख्येत रोमांचा वाटा दोन-तीन टक्क्यांच्या आसपास मानला जातो. सप्टेंबर २०१४ मध्ये युरोपीय आयोगाने याच कारणावरून चेक प्रजासत्ताकावर युरोपीय संघाचा कायदा मोडल्याबद्दल कारवाई सुरू केली. पुढच्या दोन वर्षांत स्लोव्हाकिया आणि हंगेरीवरही झाली.

खरा बदल २०१६ च्या सप्टेंबरपासून दिसू लागला. सौम्य बौद्धिक अक्षमतेसाठीचा वेगळा, छाटलेला अभ्यासक्रम काढून टाकला गेला आणि मुलाला सर्वसाधारण वर्गातच साहाय्यक शिक्षक, जादा वेळ, जादा साधनं मिळण्याची हमी आली. पुढच्या वर्षी शाळेआधीचं एक वर्ष सक्तीचं झालं. मी या दुसऱ्या सुधारणेला जास्त महत्त्व देतो, कारण चाचणीच्या खोलीत बसण्याआधी मुलाला तो खेळ शिकवण्याची जबाबदारी त्यात राज्याने घेतली.

तरी गाठ पूर्ण सुटलेली नाही, ती जागा बदलते. रोमा वस्तीजवळच्या साध्या शाळेत रोमा मुलं वाढू लागली की बाकीचे पालक आपली मुलं काढून घेतात, आणि काही वर्षांत ती शाळा जवळजवळ निव्वळ रोमांची होते. अभ्यासक्रम पूर्ण असतो, पाटी साधी असते, पण शिक्षकांच्या अपेक्षा हळूहळू विशेष शाळेच्या पातळीला येतात. इथे तर कुणाची सहीही लागत नाही. युरोप परिषदेची मंत्र्यांची समिती या निकालाची अंमलबजावणी दीड दशकाहून अधिक काळ तपासत राहिली, ते याचमुळे.

शिक्षकांबद्दल एक सांगायला हवं. विशेष शाळांतले बरेच शिक्षक मुलांवर माया करणारे होते, हे नाकारण्याचं कारण नाही. पालक तिथे पोरं टाकत त्याचं तेही एक कारण होतं. प्रेमळ बाई, लहान वर्ग, दडपण नाही. पण या मुलाला एवढंच झेपेल, असं मायेने ठरवणारा शिक्षक आणि तिरस्काराने ठरवणारा शिक्षक, दोघेही त्याच्यापुढे अपूर्णांकांचं गणित ठेवत नाहीत.

शायोकाझा

ओस्ट्रावाच्या आग्नेयेला, स्लोव्हाकिया ओलांडून गेलं की हंगेरीच्या ईशान्य भागात शायोकाझा नावाचं गाव लागतं. हाही जुना खाणपट्टा, इथेही खाणी गेल्यावर रोमा मजूर बेकार झाले. हंगेरीतही रोमा मुलांना बौद्धिक अक्षमतेच्या शाळांत घालण्याची तीच रीत होती. त्यावर स्ट्रासबर्गचा निकाल २०१३ मध्ये आला.

तिथल्या तिबोर देर्दाक आणि यानोश ओर्शोश या दोन कार्यकर्त्यांना डॉ. आंबेडकरांचं चरित्र वाचताना हंगेरीतल्या रोमांची परिस्थिती दिसली. ते महाराष्ट्रात आले, इथल्या बौद्ध वस्त्यांत राहिले, शिकलेली तिसरी पिढी त्यांनी पाहिली. परत जाऊन २००७ मध्ये, म्हणजे ओस्ट्रावाचा निकाल लागला त्याच वर्षी, त्यांनी 'जय भीम' नावाचा समुदाय उभा केला आणि रोमा मुलांसाठी डॉ. आंबेडकर शाळा सुरू केली. २०१६ च्या १४ एप्रिलला त्या शाळेत बाबासाहेबांचा अर्धपुतळा बसला.

शाळेचं ध्येय साधं आहे. हंगेरीत माध्यमिक शिक्षणाच्या शेवटी 'एरेट्शेगी' नावाची परीक्षा असते. ती पास झाल्याशिवाय विद्यापीठाचं दार उघडत नाही आणि चांगली नोकरीही मिळत नाही. तिथल्या रोमा मुलांपैकी फार थोडी तिच्यापर्यंत पोहोचतात. ही शाळा त्यांना तिथे नेते, हलका अभ्यासक्रम न देता, देशातल्या इतर प्रत्येक मुलासमोर येते तीच प्रश्नपत्रिका समोर ठेवून. आधीच्या शाळेने ज्यांना सोडून दिलं होतं अशी, वयाने वाढलेली मुलंही तिथे येतात. अठरा वर्षं पूर्ण झालेल्याच्या प्रवेश अर्जावर पालकाची सही लागत नाही. तो स्वतः करतो.